बूटेबल पेन ड्राइव्ह तयार करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि तेव्हापासून पुण्यातल्या घराघरांत एकच चर्चा पुन्हा सुरू झाली: चांगला चालणारा जुना लॅपटॉप मोडीत काढायचा, त्यावर विंडोज ११ बसवायचे, की लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घालून पाहायचे. यांतला कोणताही मार्ग घेतला तरी पहिली पायरी तीच, म्हणजे ज्यावरून संगणक सुरू होईल असा पेन ड्राइव्ह तयार करणे. प्रत्यक्ष पेन ड्राइव्ह लिहिण्याचे काम या सगळ्यात सर्वांत सोपे आहे. अडचणी येतात त्या त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर. म्हणून पुढील उत्तरांत बराचसा भर त्या दोन टोकांवर दिला आहे.

आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर का चालत नाही?

आयएसओ ही एका संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत असते. तिच्यात कार्यप्रणालीच्या फाइली असतातच, पण त्याखेरीज डिस्कच्या अगदी सुरुवातीचा भाग, विभाजनांची नोंद आणि संगणक सुरू होताना प्रथम वाचला जाणारा छोटा प्रोग्रॅम हेही असते. ती फाइल गाण्यासारखी किंवा फोटोसारखी कॉपी केली, तर पेन ड्राइव्हवर एक मोठी फाइल जाऊन बसते, इतकेच. संगणकाच्या फर्मवेअरला, म्हणजे कार्यप्रणालीच्या आधी चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमला, ती उघडून आत पाहता येत नाही. इमेज (म्हणजे अशी आयएसओ) लिहिणे याचा अर्थ तिच्यातला मजकूर पेन ड्राइव्हवर जागच्या जागी मांडणे असा आहे, आणि त्या कामात पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते.

येथे एक बारकावा आहे. आयएसओचा साचा मुळात सीडीसाठी तयार झाला आणि सीडीवरून संगणक सुरू करण्याची पद्धत १९९५ मध्ये ठरली. पेन ड्राइव्हची रचना हार्ड डिस्कसारखी असते. म्हणून बहुतेक लिनक्स वितरणे (उबुंटू, मिंट यांसारखे लिनक्सचे तयार संच) आज आपली इमेज ‘हायब्रिड’ बनवतात, म्हणजे तीच फाइल सीडीवरही चालते आणि जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर उतरवली तरीही चालते. विंडोजची आयएसओ तशी नसते. लिनक्ससाठी चाललेली युक्ती विंडोजसाठी का चालली नाही, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर याच फरकात आहे.

पेन ड्राइव्ह किती क्षमतेचा आणि कोठून घ्यावा?

विंडोजसाठी किमान ८ जीबी लागतो. उबुंटूची डेस्कटॉप इमेज आता ६ जीबीच्या आसपास गेली आहे, लिनक्स मिंटची ३ जीबीच्या आसपास असते, तर डेबियनची इंटरनेटवरून बाकीचे उतरवून घेणारी छोटी इमेज १ जीबीतही मावते. १६ जीबीचा पेन ड्राइव्ह घेतला की बहुतेक गरजा भागतात. यूएसबी ३ चा घ्यावा आणि निळ्या पोर्टात लावावा, कारण सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या पेन ड्राइव्हला ६ जीबीसाठी सुमारे दहा मिनिटे लागतात.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात, पेन ड्राइव्हला तोटा नाही आणि तेथे चांगला माल मिळतोही. मात्र ओळखीच्या ब्रँडचे वेष्टन आणि अविश्वसनीय किंमत एकत्र दिसली, तर बिलावाचून घेऊ नये. नकली पेन ड्राइव्ह स्वतःला ६४ जीबीचा म्हणवतो आणि आत प्रत्यक्षात ८ जीबीच असतात. त्यापुढे लिहिलेले सगळे निमूटपणे गायब होते आणि इन्स्टॉलर मधेच कोणती तरी फाइल सापडत नसल्याचे सांगतो. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्सवर ‘एफ३’ ही मोफत साधने पेन ड्राइव्ह पूर्ण भरून व परत वाचून खरी क्षमता दाखवतात. नवा पेन ड्राइव्ह घरी आणल्यावर ही चाचणी एकदा करून घेणे बरे.

इमेज कोठून उतरवावी आणि ती अस्सल आहे हे कसे ओळखावे?

इमेज कार्यप्रणालीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. मित्राच्या हार्ड डिस्कवर पडून असलेली किंवा ‘आधीच ॲक्टिव्हेट केलेली’ म्हणून फिरणारी विंडोजची इमेज वापरू नये. तिच्यात आणखी कोणी काय घातले आहे, हे तपासण्याचा मार्ग सामान्य वापरकर्त्याकडे नसतो आणि त्याच यंत्रावर पुढे बँकेचे व्यवहार होणार असतात.

उतरवलेल्या फाइलची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने निघणारी खूण, काढून ती संकेतस्थळावर दिलेल्या बेरजेशी ताडून पाहावी. ही ६४ अक्षरांची ओळ असते. फाइलमधला एक बिट बदलला तरी ती पूर्ण बदलते. विंडोजवर सेव्हन-झिप बसवलेले असेल, तर फाइलवर उजवे बटण दाबून ही बेरीज काढता येते. पेन ड्राइव्ह लिहिणाऱ्या रुफस या प्रोग्रॅममध्येही त्यासाठी बटण आहे. लिनक्सवर टर्मिनलमधून ती एका कमांडने मिळते. सुरुवातीची आणि शेवटची चार अक्षरे पाहून समाधान मानू नये. दोन्ही ओळी एखाद्या नोंदवहीत एकाखाली एक चिकटवल्या की फरक डोळ्यांना लगेच दिसतो.

केवळ बेरीज जुळणे मात्र पुरेसे असतेच असे नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरकाव करून हल्लेखोरांनी १७.३ सिनॅमन आवृत्तीचा दुवा बदलला आणि चोरवाट घातलेल्या इमेजकडे वळवला. संकेतस्थळच ताब्यात गेले, तर तेथे छापलेली बेरीजही बदलता येते. म्हणून बहुतेक वितरणे बेरजांच्या यादीवर जीपीजी ही डिजिटल स्वाक्षरी करतात आणि ती तपासणे हाच खरा पुरावा. घरगुती वापरासाठी हे प्रत्येक वेळी कोणी करेल अशी अपेक्षा नाही, परंतु कार्यालयातील किंवा महाविद्यालयातील अनेक संगणकांवर एकच इमेज जाणार असेल, तर ही पायरी गाळू नये.

रुफस, एचर, व्हेंटॉय यांपैकी काय वापरावे?

विंडोजवर बसून काम करणार असाल तर रुफस घ्यावे. ते लहान आहे, बसवावे लागत नाही आणि मुद्दाम पर्याय निवडल्याशिवाय बाहेरच्या हार्ड डिस्क यादीत दाखवत नाही, त्यामुळे भलतीच डिस्क पुसली जाण्याचा धोका कमी होतो. एचर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि लिहून झाल्यावर सगळे परत वाचून पडताळते. मात्र विंडोजच्या आयएसओसाठी ते उपयोगाचे नाही.

व्हेंटॉयची रीत वेगळी आहे. ते पेन ड्राइव्हवर एकदा बसवले की त्यानंतर आयएसओ फाइली खरोखरच नुसत्या कॉपी करायच्या. संगणक सुरू करताना त्यांची यादी समोर येते. दुरुस्तीची कामे करणाऱ्यांना हे फार सोयीचे पडते. त्याच्या स्रोतात तयार बायनरी फाइली आढळल्यामुळे त्यावर टीका झाली आहे, ही बाब सुरक्षिततेविषयी काटेकोर असणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. एकाच लॅपटॉपवर एकच प्रणाली एकदाच घालायची असेल, तर त्याची गरजही नाही.

मॅकओएसचा इन्स्टॉलर तयार करायचा असेल, तर ॲपलने स्वतः दिलेली पद्धत मॅकवरच वापरावी.

रुफसमध्ये जीपीटी निवडावे की एमबीआर?

जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवरील विभाजनांची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांतील जवळपास सर्व लॅपटॉप यूईएफआय या नव्या फर्मवेअर पद्धतीने सुरू होतात, त्यांच्यासाठी जीपीटी निवडावे. त्याहून जुन्या, केवळ बायोस हे जुने फर्मवेअर असलेल्या यंत्रांसाठी एमबीआर. कोणते यंत्र आहे याची शंका असल्यास विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडावे. तेथे ‘बायोस मोड’च्या पुढे ‘यूईएफआय’ किंवा ‘लेगसी’ असे स्पष्ट लिहिलेले असते. लिनक्सची इमेज निवडल्यावर रुफस ‘आयएसओ’ की ‘डीडी’ पद्धत असे विचारते. आधी सुचवलेली आयएसओ पद्धत घ्यावी आणि पेन ड्राइव्ह सुरू झाला नाही, तरच डीडी पद्धतीने पुन्हा लिहावा.

लिनक्सवर ‘डीडी’ कमांड वापरणे धोक्याचे आहे का?

इमेज जशीच्या तशी डिस्कवर उतरवणारी ही कमांड साधी आहे. धोका पत्ता चुकण्यात आहे. डीडी काहीही विचारत नाही, सांगितलेल्या डिस्कवर लिहिते आणि आधीचे संपवते. म्हणून आधी ‘एलएसबीएलके’ ही कमांड चालवून डिस्कची यादी नीट वाचावी. ५१२ जीबीची आतली डिस्क त्या यादीत सुमारे ४७६.९ जी अशी दिसते आणि १६ जीबीचा पेन ड्राइव्ह साधारण १४.९ जी. आकारासोबत डिस्कचे मॉडेल आणि जोडणीचा प्रकार दाखवणारे रकानेही मागवता येतात. ज्या ओळीत ‘यूएसबी’ असे येते, तोच आपला पेन ड्राइव्ह. तरीही खात्री नसेल, तर पेन ड्राइव्ह काढून यादी पाहावी, लावून पुन्हा पाहावी आणि जी ओळ वाढली तिचे नाव टिपून ठेवावे.

इंटरनेटवरच्या सूचनांतील कमांड जशीच्या तशी चिकटवणे का घातक आहे, हेही येथेच कळते. जुन्या यंत्रात ‘एसडीए’ ही आतली हार्ड डिस्क असते आणि पेन ड्राइव्ह ‘एसडीबी’ होतो. नव्या यंत्रात आतली डिस्क एनव्हीएमई असल्याने तिचे नाव वेगळे असते आणि पेन ड्राइव्हलाच ‘एसडीए’ हे नाव मिळते. म्हणजे एकाच्या यंत्रावर निर्धोक असलेली ओळ दुसऱ्याच्या यंत्रावर सगळे फोटो घेऊन जाऊ शकते.

आणखी दोन गोष्टी. पत्ता संपूर्ण डिस्कचा द्यावा, तिच्या विभाजनाचा नव्हे; ‘एसडीबी’ द्यावे, ‘एसडीबी१’ देऊ नये. आणि लिहिणे संपल्याचे दिसले तरी मजकूर काही काळ मेमरीत थांबलेला असू शकतो, म्हणून कमांडमध्ये ‘एफसिंक’चा पर्याय द्यावा आणि पेन ड्राइव्ह रीतसर ‘इजेक्ट’ करूनच काढावा. हे सगळे नकोसे वाटत असेल, तर मिंटमधले यूएसबी इमेज रायटर किंवा फेडोराचे मीडिया रायटर वापरावे. टर्मिनलनेच काम केले पाहिजे असे मुळीच नाही.

विंडोजचा पेन ड्राइव्ह लिहिताना फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असल्याची तक्रार का येते?

यूईएफआय फर्मवेअरला फॅट प्रकारची फाइल-व्यवस्था वाचता येणे बंधनकारक आहे. विंडोजची एनटीएफएस ही फाइल-व्यवस्था वाचता आलीच पाहिजे असे नाही. त्यामुळे पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये ठेवणे सर्वांत सुरक्षित असते. पण फॅट३२ मध्ये ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल बसत नाही आणि विंडोजच्या आयएसओतील ‘इन्स्टॉल डॉट विम’ ही फाइल हल्ली ती मर्यादा ओलांडते. रुफस यावर तोडगा म्हणून पेन ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये ठेवते आणि शेजारी एक अगदी लहान विभाजन करून त्यात एनटीएफएस वाचणारा ड्रायव्हर ठेवते. मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल तीच सामग्री अधिक दाबून लहान फाइलमध्ये देते. हाताने काम करणारे ती फाइल तुकड्यांत विभागतात. यांपैकी कोणताही मार्ग चालतो. लिनक्सवर बसून विंडोजचा पेन ड्राइव्ह करायचा असेल, तर वोयूएसबी किंवा व्हेंटॉय वापरावे.

लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. रुफसने त्या वगळाव्यात का?

रुफसमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (स्वाक्षरी असलेलेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) आणि ४ जीबी रॅम या अटींची तपासणी वगळण्याचा पर्याय आहे आणि तो काम करतो. परंतु अशा यंत्राला पुढची अद्यतने मिळतीलच, अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. केवळ ब्राउझर, पत्रव्यवहार आणि मुलांचा अभ्यास यांसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट घालणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. टॅलीसारखे विंडोजवरच चालणारे काम असेल, तर नव्या यंत्राचा खर्च गृहीत धरावा.

लिहून झाल्यावर विंडोज ‘डिस्क फॉर्मॅट करायची का’ असे विचारते. काही बिघडले का?

बिघडलेले नाही. हायब्रिड इमेजमधील विभाजने विंडोजला वाचता येत नाहीत, म्हणून ते तसे विचारते, किंवा १६ जीबीचा पेन ड्राइव्ह काही एमबींचाच असल्याचे दाखवते. ‘कॅन्सल’ म्हणावे. येथे ‘फॉर्मॅट’वर टिचकी मारून नुकतेच केलेले काम पुसणारे पुष्कळ जण आहेत.

पेन ड्राइव्ह लावूनही लॅपटॉप नेहमीसारखाच सुरू होतो. काय करावे?

बूट मेनू उघडणारी कळ योग्य वेळी दाबली गेली पाहिजे. डेल आणि बऱ्याचशा लेनोव्हो यंत्रांवर एफ१२, एचपीवर आधी एस्केप व नंतर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ आहे, पण ती बहुधा सेटिंगमध्ये बंद असते आणि एफ२ ने आत जाऊन आधी चालू करावी लागते. कळींचा खटाटोप नको असेल, तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवून ‘रिस्टार्ट’ निवडावे आणि पुढच्या पडद्यावर ‘यूझ अ डिव्हाइस’मधून पेन ड्राइव्ह निवडावा.

मेनूत पेन ड्राइव्ह दिसतो, पण सुरू करताना सुरक्षेचा भंग झाल्याचा संदेश येतो, तेव्हा सिक्युअर बूट आड येत असते. उबुंटू, फेडोरा, मिंट आणि डेबियनची १० पासूनची आवृत्ती सिक्युअर बूट चालू ठेवूनही चालतात, त्यामुळे ते बंद करण्याची घाई करू नये. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका अद्यतनाने जुने, असुरक्षित ठरलेले लिनक्सचे बूटलोडर (प्रणाली सुरू करणारे छोटे प्रोग्रॅम) नाकारायला सुरुवात केली. खणात ठेवलेला जुना पेन ड्राइव्ह त्यानंतर अचानक चालेनासा झाला असेल, तर ताजी इमेज उतरवून पुन्हा लिहिणे हाच त्यावरचा उपाय आहे. व्हेंटॉय वापरत असाल, तर पहिल्या वेळी एक निळा पडदा येतो आणि तेथे त्याची किल्ली नोंदवावी लागते.

फर्मवेअरची सेटिंग बदलल्यावर विंडोज ४८ अंकी किल्ली मागू लागले. ती कोठून आणायची?

ही बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क कूटबद्ध करणाऱ्या सोयीची रिकव्हरी की आहे. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, की वापरकर्त्याला विशेष काही न सांगता डिस्क कूटबद्ध होऊ शकते. सिक्युअर बूट बंद केले किंवा तत्सम बदल केला, की विंडोजला यंत्राविषयी संशय येतो आणि ते किल्ली मागते. ती बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते; दुसऱ्या फोनवरून त्या खात्यात जाऊन पाहावी. खाते कोणाचे, हाच खरा घोळ असतो: लॅपटॉप मुलाचा, तो सुरू करून दिला दुकानदाराने आणि ई-मेल पत्ता कोणाच्याच लक्षात नाही. किल्ली हाती नसेल, तर डिस्कवरील मजकूर परत मिळत नाही, मग कोणी काहीही सांगो. म्हणून कोणतेही सेटिंग बदलण्यापूर्वी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी, बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे आणि महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.

विंडोजच्या इन्स्टॉलरला आतली डिस्कच दिसत नाही. डिस्क गेली का?

बहुधा नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे असते आणि तिचा ड्रायव्हर इन्स्टॉलरकडे नसतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर घ्यावा, उघडलेला फोल्डर त्याच पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने तो दाखवावा. फर्मवेअरमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने डिस्क दिसते खरी, पण तिच्यावरचे आधीचे विंडोज मग सुरू होत नाही. दोन्ही प्रणाली शेजारी ठेवायच्या असतील, तर हे आधी ध्यानात घ्यावे.

काम चालू असताना वीज गेली तर?

पेन ड्राइव्ह लिहिताना गेली, तर नुकसान काही नाही; पुन्हा लिहावा. इन्स्टॉलर आतल्या डिस्कवरची विभाजने लहान-मोठी करत असताना गेली, तर मजकूर जाऊ शकतो. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी आणि चार्जर लावलेला असावा. डेस्कटॉप असेल, तर यूपीएस हवाच. पुण्यात महावितरणची देखभालीची कामे बहुधा गुरुवारी निघतात, तेव्हा हे काम शनिवार-रविवारवर टाकलेले चांगले.

इन्स्टॉल करताना भाषा मराठी निवडावी का?

निवडता येते आणि पडद्यावरचा बराच मजकूर मराठीत येतो. मात्र घरच्या फोल्डरमधील ‘डाउनलोड’, ‘चित्रे’ यांसारखी नावेही देवनागरीत होऊ शकतात आणि पुढे टर्मिनलमध्ये ती टाइप करणे त्रासाचे पडते. सुरुवातीला कीबोर्ड इंग्रजीच ठेवावा, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड रोमन अक्षरांत द्यावेत आणि प्रणाली चालू झाल्यावर मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जोडावा. देवनागरीत दिलेला पासवर्ड प्रवेशाच्या पडद्यावर टाइपच न करता येणे, ही फार विचित्र कोंडी असते. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने विकसित केलेले बॉस लिनक्स डेबियनवर आधारित आहे आणि त्यातही मराठीची सोय आहे.

कंपनीच्या लॅपटॉपवर हे करता येईल का?

हिंजवडी किंवा खराडीतील कंपनीने दिलेल्या यंत्रावर करू नये. बहुतेक ठिकाणी फर्मवेअरला पासवर्ड असतो आणि यूएसबी बंद असते. नसले तरी बाहेरच्या प्रणालीने यंत्र सुरू करणे हा धोरणाचा भंग ठरू शकतो.

पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालवले, तर केलेले काम टिकते का?

साध्या लाइव्ह सत्रात, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेन ड्राइव्हवरून चालवताना, टिकत नाही. संगणक बंद केला की सगळे जाते. उबुंटू किंवा डेबियनची इमेज लिहिताना रुफसमध्ये ‘पर्सिस्टन्ट’ जागा राखून ठेवता येते आणि मग फाइली व सेटिंग टिकतात. पेन ड्राइव्ह सतत लिहिण्यासाठी बनवलेला नसतो, त्यामुळे रोजच्या कामासाठी ही सोय धरू नये. वायफाय, आवाज आणि टचपॅड आपल्या लॅपटॉपवर चालतात का, हे इन्स्टॉल करण्याआधी लाइव्ह सत्रात पाहून घेणे हा तिचा खरा उपयोग.

तयार केलेल्या पेन ड्राइव्हची इमेज करून ठेवता येते का?

येते. लिनक्सवर डीडीची दिशा उलटी करावी, म्हणजे वाचायचे पेन ड्राइव्हवरून आणि लिहायचे फाइलमध्ये. विंडोजवर विन३२ डिस्क इमेजर हेच करते. फाइल पेन ड्राइव्हच्या पूर्ण क्षमतेएवढी होते, आत प्रत्यक्षात २ जीबीच असले तरी, म्हणून ती दाबून ठेवावी. परत उतरवताना दुसरा पेन ड्राइव्ह किंचितही लहान असून चालत नाही, आणि १६ जीबीचे दोन वेगवेगळ्या ब्रँडचे पेन ड्राइव्ह बरोबर सारख्या क्षमतेचे क्वचितच असतात. इमेज चालते की नाही, हे व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयू या आभासी संगणकात आधी सुरू करून पाहता येते.

काम झाल्यावर पेन ड्राइव्ह पुन्हा नेहमीच्या वापरासाठी कसा करावा?

विंडोजवर रुफसमध्ये ‘नॉन बूटेबल’ निवडून लिहावा, किंवा ‘डिस्कपार्ट’मध्ये योग्य डिस्क निवडून ‘क्लीन’ करावा आणि नवे विभाजन घालावे. लिनक्सवर ‘डिस्क्स’ प्रोग्रॅममधून संपूर्ण डिस्क फॉर्मॅट करावी. टीव्ही किंवा गाडीतल्या म्युझिक सिस्टिमला लावायचा असेल तर फॅट३२, मोठे व्हिडिओ ठेवायचे असतील तर एक्सफॅट.